पिठाच्या ट्रकची जागा

चौदा मजले उभे राहिले, आणि तळघरात
एकतीस गाड्यांची सोय. विकत.
कोणी घेतली नाही.
रस्ता आहे ना, फुकट ते पौष्टिक;
आणि रस्ता म्हणजे नुगझारच्या बेकरीचं दार.

पहाटे चारला पिठाचा ट्रक येतो,
टेकायला जागा नाही,
गल्लीच्या मधोमध घुरघुरत राहतो.
वर एकेका खिडकीत दिवा,
मग हॉर्न, मग शिव्या,
आणि तिबिलिसीचा सगळा पाहुणचार
पोत्यासारखा धप्पकन खाली.

नुगझारने खुर्ची ठेवली, मोडक्या पाठीची.
कुणीतरी हलवली. त्याने साखळी बांधली.
कुणीतरी साखळीसकट नेली.
पालिकेचा माणूस पांढरे पट्टे मारून गेला;
रंग वाळायच्या आत
त्यावर एक चंदेरी गाडी, ऐसपैस.

सातव्या मजल्यावरच्या त्सिआलाबाई,
गाडी नाही, झोपही नाही,
परवा साडेतीनला स्वतःचं स्टूल घेऊन उतरल्या
आणि शालीत गुरफटून
पट्ट्यांच्या मधोमध बसल्या.
रात्रपाळी संपवून चंदेरी गाडीवाला आला.
काच खाली केली.
"आजी, जरा सरकता?"
"ट्रक येऊन जाऊ दे.
मग बस माझ्या मांडीवर."

तो हसला नाही.
दोन चौक पलीकडे गाडी लावून
पाय ओढत परत आला,
तेव्हा भट्टीतून पहिली शोती निघत होती,
लांबट, टोकांना करपलेली.
नुगझारने त्यालाही एक दिली.
पैसे घेतले.