सदतीस अंश

पहाटे तलावात कमरेभर पाणी.
सुलकनबाई वलथरे शिंगाडे काढत होती,
बोटं निळी पडली,
दुपारी लघवी कोऱ्या चहासारखी.
अर्जुनीच्या दवाखान्यात सगळे आधी म्हणाले, सिकलसेल.
इकडे दुसरं काही सुचतच नाही कुणाला.
मीही तीच चाचणी लावली. निघाली नाही.

यंत्रानं अशक्य आकडे दिले.
नळी खिडकीशी धरली
तर काचेला लाल रवा चिकटलेला.
मग ती काखेत दाबून बसलो
ताप बघावा तसा, चांगली दहा मिनिटं.
रवा विरघळला.
रक्त पुन्हा रक्तासारखं हललं.

तिच्याच अंगात पिकलेला
दहा काट्यांचा शिंगाडा म्हणा तो.
गार बोटांपाशी रक्त आलं
की पेशींना टोचून ओवत बसतो,
छातीच्या उबेत परतलं की सोडतो.
सोडतो खरा,
पण प्रत्येकीवर खूण ठेवून.
काही वाटेतच फुटतात, तोच तो कोरा चहा.
बाकीच्यांची वाट यकृत बघतं,
आज्ञाधारक बिचारं,
खूण दिसली की गिळतं.

चूक कोणाची
याला रिपोर्टात रकाना नाही.

"बाई, आता पाण्यात उतरू नका."
"मंग शिंगाडे कोन काढल जी?
बुढा पोहते माजा, पन त्याले दिसत नाही."

मी हातमोज्यांचं काहीतरी बोललो.
ती हसली, डोळे हळदीसारखे पिवळे.

टेबलावर ठेवलेल्या नळीत
तेवढ्यात
परत रवा धरायला लागला होता.