दुसरा गट

इसाफ्योर्दुरमध्ये सूर्य नोव्हेंबरात डोंगरामागे जातो
तो जानेवारी सरत आला की उगवतो.
मधल्या अंधारात मी चर्चच्या जुन्या नोंदवह्या
यंत्राला वाचायला शिकवते.
केटिल भिंग लावून ओळी टंकतो.
मेलेल्या पाद्र्यांची अक्षरं त्याला
शेजाऱ्यांच्या चालीसारखी लांबून ओळखू येतात.

माझ्या पडद्यावर कंसच कंस.
‘गळांची पेटी उपडी केलीस का गं, आर्न्दीस?’
मी सांगते, हा मॅक्रो.
हा काम करत नाही,
काम सुरू व्हायच्या आधी काम लिहून ठेवतो.
मी फक्त आकार देते:
नाव, मग जागा, मग बापाचं नाव,
त्याला चिकटून ‘दोत्तिर’ नाहीतर ‘सोन’.
तो आकार उलगडतो,
जर-च्या पोटात जर, त्याच्या पोटात अजून एक जर,
आणि जे तुकडे हाती लागतील
त्यांची नावं आधीच ठरलेली.
आधी बारसं, मग बाळ.

पहिला तुकडा नेहमी अख्खी ओळ.
ती मला नको असते; तिच्या जागी अधोरेषा:
आलीस, बस, तुला हाक मारणार नाही.
तारा हावरा. मोकळा सोडला तर
बाप, गाव, तारीख, गोवराची साथ
एका घासात.
पाठीशी प्रश्नचिन्ह उभं केलं की मोजून जेवतो.
आणि तिरकी रेघ एक हवी तर दोन लिहायच्या,
एक वाटेतच कुणीतरी खातं.
केटिल म्हणाला, ‘टपालखात्यासारखं.’

अकरा हजार चारशे ओळी, पाच कलमं.
वरून खाली; जे आधी जुळेल ते खरं.
शेवटचं कलम नुसती अधोरेषा, काहीही चालेल.
तिथे गाळ साचतो.

काल रात्री सगळं अडलं.
लाल अक्षरांत: मजकूर हवा होता, मिळालं ‘नाही’.
ओळ आठ हजार दोनशे सहा.
‘सेसेल्या. बाप्तिस्मा घरीच, रात्री.’
गेल्या आठवड्यात मीच दुसऱ्या गटामागे
प्रश्नचिन्ह लावलं होतं. चिन्ह तेच, काम निराळं:
बाप असला तर असो.
नुसती रिकामी जागा आली असती तर निभलं असतं,
लांबी शून्य, पुढे चला.
पण जो गट जुळलाच नाही
त्याच्या जागी ही भाषा रिकामं ठेवत नाही,
‘नाही’ ठेवते.
रिकामी ओंजळ वेगळी,
ओंजळच नसणं वेगळं.

केटिलने वही आणली.
नावापुढे कागद पातळ होता. बोट फिरवलं तर कळत होतं.
पात्याने खरवडलेलं.
‘इथे तू काय टंकलंस?’
‘काही नाही. काय टंकणार?’
बराच वेळ दोघं गप्प.
मग त्याने कळफलकावर बोट फिरवत फिरवत
असं एक चिन्ह शोधलं
जे सगळ्या ओळींत कुठेच आलं नव्हतं,
एक छोटी लाट.
मी सहावं कलम लिहिलं आणि सगळ्यांच्या वर ठेवलं.

तेव्हापासून तो पुन्हा पहिल्या पानापासून बसलाय.
दिवा तिरका धरतो.
आतापर्यंत एक्केचाळीस लाटा.
बहुतेक मुलीच.

आज सूर्य आला. चार मिनिटं.
खालच्या मजल्यावर कॉफी, पॅनकेक, सगळं गाव जमलेलं.
केटिल मात्र पान खिडकीच्या काचेला लावून उभा.
उजेड कागदातून गेला आणि
खरवडलेल्यात एक शेपटी दिसली, खाली वळलेली,
एका अक्षराची.
‘ग असेल,’ तो म्हणाला. ‘किंवा य.’
मग डोंगराने उजेड परत घेतला.

एका न कळलेल्या अक्षरासाठी आमच्यात टिंब असतं:
कुठलंही चालेल, पण एक हवंच.
मी लाटेशेजारी टिंब दिलं.
खाली कुणीतरी आमच्या नावाने ओरडत होतं,
पॅनकेक गार होत होते.