तीनशे सत्तर

तेरजोलाजवळच्या तळघरात नोदारचे सात रांजण
गळ्यापर्यंत मातीत पुरलेले.
आत द्राक्षरस स्वतःशीच पुटपुटतो.
फार तापला की रिले म्हणतो टक्‌,
आणि जरा थांबून पंप सुरू होतो.

ते ‘जरा’ म्हणजे तीनशे सत्तर मिलिसेकंद.
रिले भंगारातल्या ट्रॉलीबसच्या दाराचा;
कुताइसीत सत्तावीस वर्षं त्याने ती दारं दुरुस्त केली.
हे दार अडायचं.
म्हणून कोडमध्ये त्याने लिहिलं: थांब, ३७०.
आणि शेजारी जॉर्जियन लिपीत,
वेलीच्या तणाव्यांसारख्या अक्षरांत, एक ओळ.

मग सगळा कोड देऊन टाकला. कुणीही घ्यावा.
‘फुकट?’ मेहुण्याने विचारलं.
तेवढ्यात शेजारची त्सिआला वाटी घेऊन आली,
विरजण संपलं होतं तिचं.
नोदारने दोन चमचे घातले,
मेहुण्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात पत्र आलं, चिलोए बेटावरून.
मियाराय, वय पंधरा.
‘आमच्या बटाट्यांच्या कोठीत तुमचा कोड पंखा फिरवतो.
मामाने एका कोळ्याकडून घेतला, त्याने शाळेतल्या मास्तरांकडून.
दोन प्रश्न. ३७० का?
आणि ही वेलबुट्टी काय आहे?
कुणीच पुसली नाही. वाटलं, शुभ असेल.’

नोदार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला,
मग एकदम गप्प.
कुठकुठल्या कोठ्यांत नवेकोरे, धडधाकट रिले
त्याच्या एका अडेल दारासाठी खोळंबलेले.

उत्तर लिहिलं:
शुभबिभ काही नाही. तिथं लिहिलंय,
‘घाई नको, लोक चढतायत.’
तुझा रिले नवा असेल तर काढून टाक.

आठवड्यात तिची दुरुस्ती आली.
ज्याला जेवढं थांबायचं, त्याने तेवढा आकडा भरावा;
नाही भरला तर शून्य.
वेलबुट्टी तशीच, खाली तिच्या भाषेत अर्थ.
एक अर्धविराम राहिला होता, तेवढा त्याने टाकला
आणि ओळीशेजारी तिचं नाव.

नवा रिलेही आणला मग, चौदा लारींचा.
टक्‌ आणि पंप, एकदमच.
नोदार बराच वेळ तळघरात उभा,
थांब्यावर कुणी राहून तर गेलं नाही ना,
असा कानोसा घेत.

जगासाठी शून्यच ठेवलं. बरोबर तेच आहे.
आपल्या रांजणांपाशी मात्र, रात्री, गुपचूप,
त्याने पुन्हा ३७० भरलं.

टक्‌.
चढा, चढा.
मग पंप.