दोन व्यक्तींसाठी

हेल्वीचा फोन आला तेव्हा मी कॉफीचं भांडं घासत होते.
तिनं मला फोन करावा असं काही कारण नव्हतं.
इल्मारीच्या अंत्यविधीत आम्ही एकाच बाकावर बसलो होतो,
मधे एका ओव्हरकोटाएवढी जागा सोडून.
नंतर ती म्हणाली होती, "साखर?"
एकोणीस वर्षांतलं आमचं बोलणं एवढंच.

आता म्हणते, त्याच्या गमबुटात एक पाकीट सापडलंय.
हो, गमबुटात. तुला ठाऊकच आहे.
फेरीचं कूपन. हेलसिंकी ते टालिन, जाऊन-येऊन,
दोन व्यक्तींसाठी,
मुदत एप्रिलअखेर.
वाया घालवायचं जिवावर येतं, ती म्हणाली,
आणि मग बराच वेळ नुसता तिचा फ्रिज घुरघुरत राहिला.

"पुढच्या वसंतात जाऊ," तो म्हणायचा.
मला, तेवीस वर्षं.
तिला, एकोणीस.
दोन तासांचं तर पाणी!
स्वतः मात्र जायचा, मित्रांबरोबर,
बिअरचे खोके ढकलगाडीवर दोरीनं आवळून परत यायचा,
आणि कोटाच्या खिशात
बदामाच्या मिठाईचं एक गुलाबी डुक्कर.

"तुलाही डुक्करच?"
"दर खेपेला."
"मी खायची नाही. कपाटात सात होती."
"माझ्याकडे अकरा."

गुरुवारी ती आली, चौकटीची वही घेऊन,
वेलदोड्याचे पाव घेऊन, जरा करपलेले.
मी बत्तीस वर्षं ट्राम चालवली आहे.
दुसऱ्यानं लिहिलेलं वेळापत्रक मी तपासल्याशिवाय मानत नाही.
तिचं बरोबर होतं.
शनिवारी साडेदहाची बोट, रविवारी संध्याकाळची परत.
तिला बोट लागते, म्हणून आल्याच्या वड्या.
माझा गुडघा, म्हणून जुन्या शहरातला चढ
अर्धाच, आणि मधे कुठेतरी सूप.
छत्री एक पुरे.
डुक्कर विकणाऱ्या दुकानासमोरून जायचं,
आत जायचं नाही. यावर एकमत.

मग कंपनीला फोन केला.
कूपन त्याच्या नावावर, नाव बदलायचे पंधरा युरो.
"पण तो मेलाय," हेल्वी म्हणाली.
पलीकडच्या मुलीनं फार हळू आवाजात सांगितलं
की त्यासाठी वेगळा दर नाही.
आम्ही भरले. साडेसात, साडेसात.
फॉर्मवर पुढचा रकाना होता: सहप्रवाशाशी नातं.
मी तिच्याकडे पाहिलं, तिनं खिडकीबाहेर,
जिथे बंदरातला बर्फ आता ताटांसारखा फुटून
एकमेकांवर चढत होता.
"मैत्रीण लिहू?"
"इतक्यात नको," ती म्हणाली.
रकाना मोकळाच ठेवला. चाललं.

हॉटेलचं अडलं.
दोन खोल्या म्हणजे चौऱ्याऐंशी युरो जास्त,
आणि स्वस्तातल्या एका खोलीत पलंग एकच, रुंद.
म्हाताऱ्या बायका आहोत, मी म्हणाले, झोपू की.
"फक्त मला डावी बाजू लागते."

हेल्वीनं पेन्सिल खाली ठेवली.
"मलाही."

उजवीकडे, दाराच्या बाजूला, तो झोपायचा.
म्हणायचा, आग लागली तर आधी मी उठेन.
कुठल्याच घरात कधी लागली नाही.

कुणी काही बोलेना.
पावाचा करपलेला तुकडा तिनं बाजूला काढला,
मी तो उचलून खाल्ला.
मग मी पर्समधून एक युरो काढला आणि उडवला.
तो टेबलाच्या कडेवर आपटला, घरंगळत गेला
आणि फ्रिजखाली नाहीसा झाला.
दोघींनी गुडघ्यांवर बसून, मोजपट्टी घालून पाहिलं.

अजून तिथंच आहे.
शनिवारी साडेदहाची बोट.