रिकामी असताना जास्त पळते

मथुरा तांडेल स्कूटर ढकलत आली.
मागच्या पेटीतला बर्फ पाणी होऊन
तिच्याआधीच माझ्या दुकानात शिरला.
म्हणाली, सपाटीला उधळते बघ वासरासारखी,
आणि भाट्याचा पूल ओलांडला
की फणसोपच्या चढावर बसते.
सुरमई जड झाली की काय रे, इसाक?

मी तांब्याचा माणूस.
तीस वर्षं पंपांच्या, पंख्यांच्या,
बर्फाच्या कारखान्याच्या मोटरी भरतोय.
तांब्यातलं चुंबकपण मला ठाऊक आहे.
बटण दाबलं की येतं, सोडलं की जातं,
रोजंदारीवरच्या गड्यासारखं.
त्याच्यावर माझा कधी राग नव्हता.

हे चाक उघडलं तर
आत कड्याला चिकटवलेले सेहेचाळीस तुकडे,
चपटे, चंदेरी, वाळत घातलेल्या मांदेलीसारखे.
वायर नाही, वीज नाही,
तरी हातातला पाना ओढून घेतात.
नाव निओडिमियम. वहीत मी ते दोनदा चुकवलं.
कुठल्या दूरच्या डोंगराची माती,
लोखंडात वितळवून, दळून, दाबून, भाजून,
एकदाच, क्षणभर, जबर विजेच्या कचाट्यात धरलेली.
त्या क्षणाला ती अजून धरून आहे.

आमच्या लहानपणी चुंबक म्हणजे
बेंजोवाल्यांच्या फुटक्या स्पीकरमधलं काळं कडं.
सुतळी बांधून भाट्याच्या वाळूतून ओढायचो, मी नि रऊफ.
काळी रेती त्यावर केसांसारखी उभी राहायची,
ती बिस्किटाच्या पुड्यात भरून घरी.
कशाला, ते आता आठवत नाही.
जोर बेताचा त्याचा, पण एक पावसाळाभर
होडीच्या तळाशी खाऱ्या पाण्यात पडून होतं,
गंजाचा ठिपका नाही.

हे नवं जोरकस, आणि कातडीने नाजूक.
निकेलचा पापुद्रा उडाला तिथून
खारी हवा आत शिरली,
तीन तुकड्यांचं करडं पीठ झालंय.
बाकीचे दिसायला धड.
पान्याने एकेकाला विचारत गेलो.
काही ओढतात.
काही नुसते धरतात.
पाच-सहा तर धरतही नाहीत.

ताप चढला यांना.
एप्रिलची दुपार, पेटीत चाळीस किलो बर्फ, वर तो चढ.
सोसण्यापलीकडे गेलं
की आत एका दिशेला तोंड करून उभे असलेले
आपापल्या वाटेने वळतात.
आवाज होत नाही, तडा जात नाही.
गार झाल्यावर परतही येत नाहीत.

मथुराला सांगितलं,
कमजोर चुंबकाची मोटर रिकामी असताना जास्त पळते.
ओझं आलं की जास्त वीज खाते,
जास्त तापते, आणखी कमजोर होते.
ती हसली. म्हणाली, आमच्या घरी आहे असा एक.
मग हसायची थांबली.
पेटी उचलून डोक्यावर घेतली नि निघाली.
चाक कोल्हापूरहून येईल. आठ दिवस तरी.

सांजेला त्या पाच-सहातला एक खिशात टाकून
भाट्यावर गेलो, वाळूत टेकवला.
चार-दोन काळे कण. मिसरूड फुटावं तेवढे.
रऊफला दाखवावं म्हटलं,
पण दोहात अजून ऊन असेल,
तो कामावर असेल.
पुसला नाही. तसाच खिशात टाकला.
घरी आलो तेव्हा
किल्ली त्याला जराशी चिकटली होती.