ळ

बोर्लीच्या अंगणवाडीत आज ळ.
याच्यापासून शब्द सुरूच होत नाही.
तक्त्यावर कमळ आहे,
ते इथे कुणी पाहिलेलं नाही.

म्हटलं, जीभ मागे वळवा,
गळाच्या टोकासारखी.
अकरा जिभा वळल्या,
तन्वेशची लाळ पाटीवर गळली.

रुचित म्हणाला, जालं.
जाळं, मी म्हटलं.
जालं.
त्याच्या घरी मासली, वालू, सकालही,
आणि त्याचा बाप त्याच जाल्यात
रात्रभर सुरमई धरतो.
चूक म्हणायला तोंड उघडलं,
खडूच टोकरत बसले.

दुपारी आई आली, हाताला कोलंबीचा वास.
“काय शिकलास रं?”
त्यानं आ केला,
आत वळवलेली जीभ दाखवली फक्त.
आवाज उद्या.