न गाळता

नान्नजहून येताना रेवणसिद्ध हलकुडे
बाटली मांडीत धरून बसला होता,
एस.टी.च्या प्रत्येक खड्ड्याला तिची माफी मागत.
लेबल नाही. काचेवर खडूनं लिहिलेलं:
फेब्रुवारीची तोडणी, तिसरी टाकी.
"दोन दिवस उभी ठेव," म्हणाला,
"फ्रीज नको. माठाच्या पोटाला टेकवलीस तरी पुरे.
आणि ओतण्याआधी एकदाच आडवी कर,
झोपलेलं पोर कुशीवर वळवावं तशी."

ठेवली.
माठ अर्धाच होता. पाण्याची पाळी शनिवारची.

गुरुवारी संध्याकाळी गच्चीवर चौघं:
तो, मी,
खालचे यादगिरीमामा एमूल, डाईंगमध्ये चौतीस वर्षं काढलेले,
आणि राजमणीअक्का, जिला नुसतं बघायचं होतं.
फरशी अजून दुपार सोडत नव्हती.
गल्लीत एक यंत्रमाग
एकाच शब्दावर अडलेल्या पोरासारखा.

ओतली,
तर ग्लासातून पलीकडचं काही दिसेना.
ना टाकीवरचा दिवा, ना मामांची मिशी.
जांभळाच्या सालीचा रंग आणि त्यात धुकं.
मी म्हटलं, गेली वाटतं.
अक्का काही न बोलता जिना उतरली
आणि नळाला बांधायचं फडकं घेऊन आली, चौपदरी.
दुसऱ्या हातात तुरटीचा खडा.

या गावात गढूळ म्हणजे काम.
पहिलं पाणी सोडून द्यायचं, दुसरं गाळायचं,
तिसऱ्यात तुरटी फिरवायची मनात मोजत,
आणि घागर निवळेपर्यंत
रात्रभर तिला हात लावू द्यायचा नाही कुणाला.
चाळीस वर्षं हे केलेल्या बाईला
आम्ही काय सांगणार होतो?

रेवणसिद्ध हसला नाही. बरं झालं.
"अक्का, अर्धी गाळा," म्हणाला, "अर्धी असू द्या."
तुरटी मात्र त्यानं हळूच खिशात टाकली.

गाळलेली आधी घेतली.
लाल, लख्ख. दिवा दिसला.
मुलाखतीला आलेल्या पोरासारखी,
विचारलं तेवढंच सांगणारी.

मग दुसरी.
तिला घाई नव्हती.
जिभेच्या कडांना आधी साल लागली, तुरट,
मग ओल्या गोणपाटाचा वास,
मग कुठून तरी
रात्री झाकून विसरलेलं पीठ, सकाळी उघडल्यावर येतं तसं,
आंबूस, घरातलं.
"ते यीस्ट," रेवणसिद्ध म्हणाला. "साखर खाऊन मेलेलं.
मोठे कारखाने काढून टाकतात, गिऱ्हाईक घाबरतं.
मी ठेवतो."
का ठेवतो ते सांगायला लागला,
पण अक्कानं शेंगाची चटणी पुढे केली.
तो नको नको म्हणत होता, जीभ मरेल.
मेली नाही.

मामांनी ग्लास उजेडाकडे धरला नाही,
धोतराच्या सोग्यापुढे धरला.
रंग पांढऱ्यावर बघायचा असतो.
"हौदाच्या तळाला हा यायचा," म्हणाले.
"शेवटच्या चादरीला. शेडकार्डावर नसायचा.
मालक ती सेकंडात काढायचा.
दोन मी घरी आणल्या. एक अजून पांघरतो."
आणि बराच वेळ प्यायलेच नाहीत,
नुसता ग्लास फिरवत राहिले, डावीकडून,
हौद ढवळायचे त्याच बाजूनं.

तळातला घोट माझ्या वाट्याला आला.
जाड. दातांना पिठूळ.
थुंकावा की गिळावा, कळेना;
गिळला, आणि मग तोच
झोप लागेपर्यंत तोंडात होता.

शनिवारी पाणी आलं, पहाटे तीनला.
खालच्या नळाला तेच फडकं.
सोडा लावून झाला होता, लिंबू झालं होतं,
दोन उन्हं झाली होती,
तरी मधोमध तळहाताएवढा डाग,
आणि त्यातून पाणी निवळ उतरत होतं.
अक्कानं पहिली घागर नाकाशी नेली,
खाली ठेवली, पुन्हा नेली.
"जायचा नाही तो," मामा खाटेवरून म्हणाले,
डोळे मिटलेलेच,
"पक्का आहे."